१.६ व्होल्टची वजाबाकी

मंडळाच्या अंकासाठी लेख मागताना आमची संपादक म्हणाली, "ताई, तुझ्या उन्हाळ्यातल्या प्रोजेक्टवर लिही ना. सायन्सवाले कधी काही देतच नाहीत." मी हो म्हटलं आणि नंतर दोन आठवडे तिला टाळत राहिले. त्या प्रोजेक्टबद्दल खरं लिहायचं तर मशीनबरोबर स्वतःबद्दलही लिहावं लागणार होतं, आणि ते लिहिण्यासारखं नव्हतं. पण फिजिक्सच्या लॅबमध्ये परवा एक गोष्ट घडली आणि वाटलं, लिहूनच टाकावं. ती गोष्ट शेवटी सांगते.

मागच्या मे-जूनमध्ये मी शहराबाहेरच्या एका प्रयोगशाळेत सहा आठवडे जात होते. सकाळी घाईघाईने पोहे खायचे, आठची बस पकडायची आणि संध्याकाळी दमून परत यायचं. प्रयोगशाळेचं नाव लिहीत नाही. तिथे जे बिघडलं ते माझ्यामुळे बिघडलं, त्यांच्यामुळे नाही.

मला दिलेलं यंत्र जुनं होतं. स्टीलच्या एका पोकळ नळकांड्यातून पंपाने हवा काढून टाकलेली, आणि आत आयन सोर्स. आर्ट्सच्या मैत्रिणींसाठी सोपं करून सांगते. लिंबाएवढा एक जाळीचा पिंजरा असतो आणि त्याच्या शेजारी टंगस्टनची एक बारीक तार. तार तापून पांढरी झाली की तिच्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. पिंजऱ्याला तारेपेक्षा ७० व्होल्ट जास्त दिले की ते पिंजऱ्याकडे धाव घेतात आणि आत फिरणाऱ्या वायूच्या अणूंवर आदळतात. जोरात आदळले तर अणूतला एक इलेक्ट्रॉन निसटतो. उरलेला अणू धनभारित होतो, तोच आयन. पुढे चार दांड्यांच्या मधून जाताना हे आयन वजनाप्रमाणे निवडले जातात. हीलियम ४ वर दिसतो, नायट्रोजन २८ वर, आर्गॉन ४० वर.

७० व्होल्टच का, हा मी पहिल्या दिवशी विचारलेला प्रश्न. उत्तर असं की बहुतेक वायूंचे आयन ७० ते १०० व्होल्टच्या आसपास सगळ्यात जास्त तयार होतात. तिथे आलेखाचा माथा सपाट असतो, म्हणून व्होल्टेज थोडं हललं तरी मोजणी फारशी हलत नाही. सगळीकडचे लोक ७० वर मोजतात म्हणून एकाचे आकडे दुसऱ्याच्या आकड्यांशी ताडून बघता येतात.

माझं काम नेमकं उलटं होतं. सपाट माथ्यावरून उतरून डोंगराच्या पायथ्याशी जायचं. इलेक्ट्रॉनचं व्होल्टेज ७० वरून हळूहळू खाली आणायचं आणि आर्गॉनचे आयन कुठे संपतात ते शोधायचं. आर्गॉनमधला एक इलेक्ट्रॉन काढायला १५.७६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, हा आकडा पुस्तकात छापलेला आहे. तो आपल्या हाताने काढून बघायचा, एवढंच.

या सोर्सचा पॉवर सप्लाय तिथल्याच एका काकांनी बांधलेला होता. काका इंदूरचेच, मराठी. माझं आडनाव ऐकून म्हणाले, "मग हिंदीत कशाला बोलतेस बेटा?" सप्लाय म्हणजे करड्या रंगाचा एक पेटारा, त्यावर पाच नॉब: इलेक्ट्रॉन एनर्जी, एमिशन, केज, फोकस आणि सगळ्यात उजवीकडे लाल रंगाचा मल्टिप्लायर. हा लाल नॉब म्हणजे दोन हजार व्होल्ट. काकांनी पहिले दोन दिवस मला कुठल्याच नॉबला हात लावू दिला नाही. नुसतं बघायला लावलं.

"एक नॉब फिरवला म्हणजे एकच गोष्ट बदलली असं समजू नको," ते म्हणायचे. "इथे सगळे एकत्र कुटुंबात राहतात."

ते खरंच होतं. इलेक्ट्रॉनचं व्होल्टेज कमी केलं की तारेतून निघालेले इलेक्ट्रॉन पिंजऱ्याकडे नीट ओढले जात नाहीत आणि तारेभोवतीच गर्दी करतात. एमिशनचा करंट कमी पडला असं सप्लायला वाटतं आणि तो भरून काढायला तो तार आणखी तापवतो. आपण खाली खाली जात असतो आणि तिकडे फिलामेंटच्या करंटचा काटा गुपचूप वर चढत असतो. लक्ष नसेल तर तार जळते. मग नळकांडं उघडा, नवी तार लावा, पुन्हा हवा काढा, भट्टी लावून ओल घालवा, यात दोन-तीन दिवस जातात. म्हणून २५ व्होल्टच्या खाली जाण्याआधी एमिशन १०० मायक्रोॲम्पिअरवरून २० वर आणायचं, नॉब फिरवला की दहापर्यंत मोजायचं आणि मगच वाचायचं, असा काकांचा नियम.

तिसऱ्या आठवड्यात मी एकटी रीडिंग घ्यायला लागले. ७० वरून निघाले. वाटेत एक गंमत दिसली. आर्गॉनचा ४० चा पीक असतो तसा २० वरही एक छोटा पीक असतो. ज्या अणूचे दोन इलेक्ट्रॉन गेले तो अर्ध्या वजनाचा असल्यासारखा वागतो, म्हणून २०. व्होल्टेज उतरवत गेले तसा तो बारीक होत होत नाहीसा झाला. मला ते इतकं आवडलं की वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवलं: "२० गेला, अंदाजे ४५ ला." ते माझ्या कामात मागितलेलं नव्हतं. सहज लिहिलं.

मग खाली. २५, २४, २३... १९ पासून ०.२ च्या पायरीने. आलेख काढला. अगदी पायथ्याशी रेषा वाकते, कारण तापल्या तारेतले सगळे इलेक्ट्रॉन सारख्या वेगाने निघत नाहीत. म्हणून सरळ भाग पट्टीने खाली वाढवायचा आणि तो अक्षाला कुठे छेदतो ते बघायचं. माझा १७.४ ला छेदला. दुसऱ्या दिवशी १७.३. तिसऱ्या दिवशी पुन्हा १७.४.

पुस्तकात १५.७६.

आता इथे आपल्या कॉलेजातलं एक उघड गुपित सांगते, वाचणाऱ्यांपैकी अनेकांना ते माहीत आहे. आपण रीडिंग "घेत" नाही, "बनवतो". लंबकाच्या प्रयोगात ९८० च्या आसपास आकडा यायला हवा हे आधीच ठाऊक असतं, मग त्यावरून उलटा हिशोब करून वेळ लिहायची. अगदी ९८० आलं तर सर ओरडतील म्हणून ९७६ आणायचं. पाच वर्षं मी हेच केलं, आणि माझी फाइल वर्गात सगळ्यात नीटनेटकी म्हणून फिरायची. या प्रकाराला आम्ही "सेटिंग" म्हणतो. कुणाला त्यात पाप वाटत नाही, कारण कुणाचंच काही अडत नाही.

तीन दिवस १७.४ येत होतं आणि सर शुक्रवारी बघणार होते. मला वाटलं मीच कुठेतरी चुकतेय. विचारलं असतं तर बरं झालं असतं. पण विचारलं तर यांना वाटेल, हिला साधं रीडिंग घेता येत नाही. गुरुवारी रात्री घरी बसून मी प्रत्येक व्होल्टेजमधून १.६ वजा केले, तक्ता नव्याने लिहिला आणि जुनी पानं फाडली. आलेख १५.८ ला छेदला. १५.७६ मुद्दामच आणलं नाही.

सर बोलायला मोजके. आलेख बघून म्हणाले, "इतना सही?" थोडा वेळ पानाकडेच बघत राहिले. मग म्हणाले, काकांनी गेल्या महिन्यात सप्लाय दुरुस्त केला तेव्हाच बहुतेक दुरुस्तीचा आकडा आत घातला असणार. "ठीक है, अब हीलियम करते हैं."

हीलियमला २४.५९ लागतात. सोमवारी सर स्वतः माझ्या शेजारी बसले. मी नॉब फिरवत होते, ते लिहीत होते. तिथे सेटिंगला जागाच नव्हती. आलेख २६.२ ला छेदला.

सरांनी भुवया वर केल्या. आर्गॉन बरोबर आणि हीलियम १.६ ने जास्त? सगळ्याच व्होल्टेजना सारखी चूक असती तर दोन्ही ठिकाणी दिसली असती. एकीकडे शून्य आणि दुसरीकडे १.६, म्हणजे व्होल्टेज वाढलं की मीटर खोटं दाखवतो. म्हणजे सप्लायच्या आत व्होल्टेज मोजायला जी रेझिस्टरची जोडी असते, तिच्यात घोटाळा. त्यातला एक रेझिस्टर काकांनी गेल्याच महिन्यात बदलला होता.

सर काकांवर रागावले नाहीत. "एकदा बघून घ्या" एवढंच म्हणाले. काकांनी मान डोलावली. "मी तसा काही आकडा घातला नव्हता साहेब," ते म्हणाले, "पण बघतो."

मंगळवारी दिवसभर काका तो पेटारा उघडून बसले होते. सप्लाय चालू असतानाच मोजावं लागतं, आणि त्याच पेटाऱ्यात बोटभर अंतरावर मल्टिप्लायरचे दोन हजार व्होल्ट होते. काका डावा हात पाठीमागे धरायचे. दोन्ही हात आत घातले आणि धक्का बसला तर करंट छातीतून जातो, म्हणून ही जुनी सवय. मोजून झालं की सप्लाय बंद करायचे, लाकडी मुठीची अर्थिंगची काठी कपॅसिटरला टेकवायचे, साठलेली वीज काढून टाकायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून. १५ व्होल्टला मीटर बरोबर, २५ ला बरोबर, ७० ला बरोबर. काकांना आपल्याच मीटरची शंका आली, म्हणून दुसरा मीटर आणला. त्यावरही तेच. जेवणाच्या सुट्टीत ते डबा न उघडता खुर्चीत बसून होते. मला म्हणाले, "वय झालं बहुतेक. काहीतरी सुटतंय माझ्याकडून."

मी डब्यातली पोळी तशीच घरी परत आणली. आईने विचारलं, काय गं, बरं नाही का? मी म्हटलं, ऊन लागलं.

रात्री झोप येईना. वही उघडली आणि मागच्या पानावरची ती पेन्सिलीची ओळ दिसली: "२० गेला, अंदाजे ४५ ला." सहज पुस्तकात बघितलं. आर्गॉनचे दोन इलेक्ट्रॉन काढायला ४३.४ लागतात. माझ्याकडे ४५. फरक १.६.

आर्गॉनचा पहिला इलेक्ट्रॉन, १.६. दुसरा, १.६. हीलियम, १.६. सगळीकडे तोच फरक. सप्लाय पहिल्यापासून एकच गोष्ट सांगत होता, आणि तिन्हींपैकी फक्त एकाच ठिकाणी त्याचं म्हणणं खोडलेलं होतं. ते मी खोडलं होतं.

बुधवारी पोहोचले तेव्हा काकांनी पेटारा उघडलेलाच होता. लाल दिवा लागलेला, त्यांचा उजवा हात आत.

"काका, हात बाहेर काढा."

त्यांना वाटलं मला काही दिसलं. झटकन हात काढून त्यांनी स्विच बंद केला. मी म्हटलं, "सप्लाय चांगला आहे. आर्गॉनचं रीडिंग मी बनवलं. १७.४ आलं होतं."

काका काही बोलले नाहीत. अर्थिंगची काठी उचलून त्यांनी कपॅसिटरला टेकवली, झाकण लावलं आणि आठही स्क्रू एकेक करून बसवले. मी उभीच होते. शेवटचा स्क्रू पिळून झाल्यावर म्हणाले, "सरांना तू सांगतेस की मी सांगू?"

"मी सांगते."

"मग जा. आत्ताच जा. चहानंतर नको."

सरांच्या खोलीत मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. रडले नाही एवढं आठवतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ओरिजिनल रीडिंग कहाँ है?" मी म्हटलं, फाडली. त्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला. खोट्या तक्त्याचं ऐकताना उतरला नव्हता तितका. मग म्हणाले, आर्गॉन पुन्हा घ्या.

दिवसभर घेतलं. १७.४. सरांनी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. २६.२ वजा १७.४, म्हणजे ८.८. आणि खाली, २४.५९ वजा १५.७६, म्हणजे ८.८३. खडू ठेवला. हे सगळं इतकं सरळ होतं की लाज वाटली.

त्या १.६ ला कारणं होती आणि ती मला माहीतही होती. तार तापवायला तिच्या दोन टोकांमध्ये जे दोन-तीन व्होल्ट दिलेले असतात ते या हिशोबात येतात. मीटर एका टोकापासून मोजतो, पण इलेक्ट्रॉन जास्त करून निघतात मधल्या, सगळ्यात तापलेल्या भागातून. शिवाय तार एका धातूची आणि पिंजरा दुसऱ्या धातूचा. दोन वेगळे धातू एका मंडलात जोडले की त्यांच्यात आपोआप थोडा फरक पडतो, त्याला कॉन्टॅक्ट पोटेन्शियल म्हणतात. आमच्याच कॉलेजात फ्रँक-हर्ट्झच्या प्रयोगाच्या तोंडी परीक्षेत मी हे घडाघडा म्हणून दाखवलं होतं: "सर, पहिला पीक सरकलेला असतो, म्हणून दोन पीकमधलं अंतर घ्यायचं." पूर्ण मार्क मिळाले होते. तेव्हा ते एक उत्तर होतं. ते माझ्या टेबलावर येऊन बसलं तेव्हा मी ओळखलं नाही.

आणि फ्रँक आणि हर्ट्झ यांची स्वतःची गोष्ट तर आणखी वेगळी. १९१४ साली पाऱ्याच्या वाफेत त्यांना ४.९ व्होल्ट मिळाले. त्यांना वाटलं, पाऱ्याचा इलेक्ट्रॉन निसटायला एवढे लागतात. ते चुकले होते. तिथे इलेक्ट्रॉन निसटत नव्हता, फक्त वरच्या पातळीवर जात होता. निसटायला १०.४ लागतात. अर्थ चुकला, पण आकडा त्यांनी जसा आला तसा लिहिला होता. म्हणून तो पुढे बोर यांच्या अणूच्या कल्पनेला मोठा आधार झाला, आणि १९२५ चं नोबेल त्या दोघांना मिळालं. त्यांनी आपल्या समजुतीप्रमाणे आकडा "सेट" केला असता तर?

मला सगळ्यात जास्त छळलं ते वेगळ्याच गोष्टीने. नंतर अहवालात आम्ही काय केलं? आर्गॉनचा आकडा ठाऊक आहे असं धरलं, त्यावरून मीटर १.६ ने पुढे आहे असं ठरवलं आणि हीलियमच्या प्रत्येक व्होल्टेजमधून १.६ वजा केले. २४.६ आलं. याला कॅलिब्रेशन म्हणतात आणि ते बिनचूक आहे. गुरुवारी रात्री मी घरी बसून केली ती हीच वजाबाकी होती. तोच आकडा, तेच चिन्ह. फरक एवढाच की या वेळी ती कागदावर लिहिलेली होती, का केली ते शेजारी लिहिलेलं होतं आणि मूळ आकडे तिच्या वर तसेच उभे होते. कुणालाही ती उलटी करून बघता आली असती. माझी वजाबाकी कुणालाच उलटी करता येत नव्हती. मी पानं फाडली होती.

तिथल्या लॉगबुकाची पानं नंबर घातलेली आणि शिवलेली असतात. शुक्रवारच्या पानावर मी माझा १५.८ चा तक्ता उतरवला होता. सरांनी मला तो खोडायला सांगितला, पण एकाच सरळ रेघेने, खालचं वाचता येईल असा. बाजूला तारीख, कारण आणि सही. कारण लिहायला मला वीस मिनिटं लागली. सरांनी एकदा ते परत लिहायला लावलं, कारण मी "चुकीने" असा शब्द वापरला होता.

ते पान अजून तिथे आहे. पुढे त्या सप्लायवर जे कुणी काम करतील ते सगळे ते वाचतील.

काकांनी त्यानंतर मला वेगळं वागवलं असं नाही. फक्त शेवटचे दोन आठवडे मी रीडिंग घेतलं की ते येऊन मीटरकडे बघायचे, मग वहीकडे बघायचे आणि जायचे. आधी बघत नसत. शेवटच्या दिवशीही बघितलं. ते मला लागलं, पण ती तक्रार करायची जागा माझी नव्हती.

आता परवाची गोष्ट. बी. एस्सी. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी माझ्याकडे आली. "ताई, तुझी जुनी फाइल दे ना. तुझी रीडिंग एकदम परफेक्ट असतात म्हणे." माझी फाइल अजून फिरतेय हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, ती बनवलेली आहेत, नको घेऊस. ती हसली, तिला वाटलं मी द्यायला टाळतेय. "सगळेच बनवतात ताई," ती म्हणाली, आणि ते खरं आहे.

मग मी तिच्याबरोबर लॅबमध्ये गेले. आम्ही लंबक टांगला, दोरी मोजली, वीस झोके मोजले. घड्याळ तिच्या हातात होतं. तीन वेळा केलं. ९५१ आलं. तिने माझ्याकडे बघितलं.

"९५१ लिही," मी म्हटलं. "आणि आता दोरी पुन्हा मोजू या. तू हुकपर्यंत मोजलीस. गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची असते."